८२०, साउथ मिशिगन अव्हेन्यू

१९४२ साली शिकागोत जॉन एच. जॉन्सन यांना मासिक काढायचं होतं. ५०० डॉलरचं कर्ज मिळालं, तेही आई गर्ट्रूड यांनी घरातलं फर्निचर तारण ठेवलं तेव्हा. त्यातून ‘निग्रो डायजेस्ट’ निघालं. १९४५ मध्ये ‘एबनी’ आलं, १९५१ मध्ये ‘जेट’. अंक हातोहात खपू लागले. पण मोठ्या रस्त्यावरची इमारत कृष्णवर्णीय माणसाला विकायला कुणी राजी होईना. शेवटी जॉन्सन यांनी एका गोऱ्या वकिलाला खरेदीदार म्हणून पुढे केलं आणि स्वतः कामगाराच्या वेषात जाऊन जागा पाहून आले.

हा अपमान लक्षात ठेवला की १९७२ च्या नव्या मुख्यालयातला थाट नुसती श्रीमंती वाटत नाही. अकरा मजल्यांची ही इमारत रचली जॉन मुतुसामी यांनी. शिकागोच्या मध्यवर्ती भागात कृष्णवर्णीय वास्तुरचनाकाराने उभारलेली ती पहिली उंच इमारत. बाहेरून दगड आणि काच, अगदी संयत. आत मात्र रंगांची नुसती उधळण! सजावट आर्थर एलरॉड आणि विल्यम रेझर यांची. दोघेही गोरे, पण आवडनिवड जॉन आणि यूनिस या जॉन्सन दांपत्याची. भिंतींना कातडं आणि उंची लाकूड, ठळक नक्षीचे गालिचे, आणि जिकडे पाहावं तिकडे कृष्णवर्णीय कलावंतांची चित्रं-शिल्पं. कामावर आलेल्या माणसाला इथे अंग चोरून बसावं लागत नव्हतं. कर्मचाऱ्यांसाठी वरच्या मजल्यावर भोजनगृह होतं. शहरात कुठे आपल्याला मानाने वाढतील, ही चिंता ज्यांच्या आईवडिलांनी जन्मभर वाहिली, त्यांच्यासाठी दुपारचं ते निवांत जेवण ही लहान गोष्ट नव्हती.

मला सर्वांत भावतं ते ‘एबनी’चं प्रयोग-स्वयंपाकघर. केशरी, हिरव्या, जांभळ्या रंगांची वळणं भिंतीवरून कपाटांवर बेधडक पसरलेली. मासिकात छापायच्या पाककृती इथे आधी शिजवून, चाखून पाहिल्या जात.

२०१० मध्ये इमारत विकली गेली, २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. जुन्या दालनांच्या जागी आता भाड्याची घरं आहेत. बरंचसं फर्निचर कलावंत थिएस्टर गेट्स यांनी जपलं. स्वयंपाकघर ‘लँडमार्क्स इलिनॉय’ या वारसा-संस्थेने एका डॉलरला विकत घेऊन सुटं करून वाचवलं, आणि २०२२ मध्ये ते न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, आफ्रिकन-अमेरिकन खाद्यपरंपरेवरच्या प्रदर्शनात, पुन्हा जोडून लोकांसाठी मांडलं गेलं.