चाक एक इंच बाहेर : मिनी गाडीचा स्पेसर आणि इतिहासातला पुरावा

पीएचडीची तयारी करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला एक प्रश्न पडतो, की विषय किती मोठा हवा? मला वाटतं, प्रश्न मोठा हवा, वस्तू लहान असली तरी चालते. म्हणून आज तळहातावर मावणारी एक वस्तू घेऊ या : व्हील स्पेसर. हब आणि चाक यांच्यामध्ये बसवायची धातूची जाड चकती. ती बसवली की चाक तेवढं बाहेर येतं आणि गाडी रुंद, दणकट दिसते.

स्पेसरबद्दल एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो : ‘अहो, मिनी कूपरला तर कंपनीनेच स्पेसर दिला होता, मग आपल्या गाडीला का नको?’ या वाक्यातला पहिला भाग बऱ्यापैकी खरा आहे. दुसरा त्यातून निघत नाही. का निघत नाही, हे पाहिलं की इतिहासाची पद्धतही समजते आणि चाक जागेवर राहण्याचं गणितही.

दहा इंची चाकाची अडचण

१९५६ च्या सुएझ संकटानंतर ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं. कमी पेट्रोल पिणाऱ्या लहान गाड्यांना अचानक महत्त्व आलं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने हे काम अॅलेक इसिगोनिस यांच्याकडे दिलं आणि ऑगस्ट १९५९ मध्ये मिनी बाजारात आली. लांबी जेमतेम दहा फूट, इंजिन आडवं, ओढ पुढच्या चाकांना. आत चार माणसांना जागा मिळावी म्हणून चाकंही फक्त दहा इंची ठेवली.

इथेच पुढची सगळी गोष्ट सुरू होते. चाक लहान, म्हणजे त्याच्या आत बसणारा ब्रेकही लहान. १९६१ साली रेसिंग गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपर यांच्या साथीने मिनी कूपर आली, तेव्हा पुढे सात इंची डिस्क ब्रेक बसवले. १९६३ च्या कूपर एसमध्ये ती डिस्क साडेसात इंची झाली. दहा इंची चाकात एवढी डिस्क बसवायची तर हब, फ्लँज, चाकाची घडण हे सगळं पुन्हा जुळवावं लागतं. पुढच्या चाकांच्या या नव्या मांडणीशी मागची चाकं जुळावीत म्हणून कूपर एसच्या मागच्या ब्रेक ड्रममध्येच सुमारे एक इंच जाडीचा स्पेसर ओतलेला होता.

हे वाक्य परत वाचा. स्पेसर ड्रममध्ये *ओतलेला* होता. वेगळी चकती मध्ये सरकवलेली नव्हती. आणि ड्रमच्या जाडीतून बाहेर येऊन नटला पुरेसे आटे मिळावेत म्हणून स्टडही लांब होते.

पुढे १९८४ मध्ये सगळ्या मिनींना बारा इंची चाकं आणि पुढे डिस्क ब्रेक मिळाले. तेव्हा चाकांवरच्या कमानींना प्लॅस्टिकच्या रुंद पट्ट्याही आल्या. म्हणजे कंपनीने चाक बाहेर आणलं तेव्हा त्यासोबत ब्रेक, ड्रम, स्टड, कमान यांपैकी काही ना काही बदललं. रस्त्यावरून पाहणाऱ्याला मात्र एकच गोष्ट दिसली, की चाक बाहेर आलंय आणि गाडी झकास दिसतेय.

वापरणारे काय करतात?

त्यात मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लो रॅली जिंकली. मग काय, घरच्या साध्या मिनीला कूपरचं रूप द्यायची हौस पसरली. रुंद चाकं, कमानीवरच्या पट्ट्या आणि सुटे स्पेसर यांची बाजारपेठ उभी राहिली.

तंत्रज्ञानाच्या इतिहासात याला चांगली चौकट आहे. रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच यांनी १९९६ मधल्या एका लेखात दाखवलं, की अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी मोटारीचा उपयोग नुसता फिरायला केला नाही. मागचं चाक उचलून त्यावर पट्टा लावून ते शेतातली आणि घरातली यंत्रंही चालवत. वस्तूचा अर्थ फक्त बनवणारा ठरवत नाही, वापरणाराही ठरवतो. स्पेसर लावणारा हौशी मिनीवाला त्याच परंपरेतला. पण चाकावर किती भार पडतो, हे कुणाच्या हौशीवर ठरत नाही. म्हणून आपल्याला दोन्ही वाचता आलं पाहिजे, माणसंही आणि धातूही.

धातू कसा वाचायचा?

चाक स्टडवर ‘लटकलेलं’ असतं असा समज आहे. प्रत्यक्षात नट आवळल्यावर स्टड किंचित ताणला जातो आणि तो ताण चाकाला हबवर दाबून धरतो. त्या दाबामुळे होणारं घर्षण चाक जागेवर ठेवतं. हे एकदा समजलं की सुरक्षित स्पेसरचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

आटे. साधा सरकवायचा स्पेसर पाच मिलिमीटरचा असेल, तर नटच्या वाट्याचे पाच मिलिमीटर आटे गेले. रूढ नियम असा, की नट स्टडच्या व्यासाइतका तरी आत गेला पाहिजे. मिनीचा स्टड ३/८ इंचाचा, एका इंचात २४ आटे. म्हणजे किमान नऊ पूर्ण फेरे. स्टड १२ मिलिमीटरचा आणि आट्यांमधलं अंतर १.५ मिलिमीटर असेल तर आठ फेरे. नट हाताने फिरवत मोजून पाहा. कमी भरले तर लांब स्टड घाला, नाहीतर स्पेसर विसरा.

बसण्याचे पृष्ठभाग. स्पेसर आला की एकाच्या जागी दोन सांधे होतात. मध्ये गंज, रंग किंवा माती राहिली तर ती चालवताना दबते, ताण कमी होतो आणि नट सैल पडतो. म्हणून पृष्ठभाग स्वच्छ आणि सपाट हवेत, नट टॉर्क रेंचने गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर आवळायचे आणि थोडं अंतर चालवून पुन्हा तपासायचे. दोन स्पेसर एकावर एक नकोत. स्टडवर सुटे वायसर घालून चाक बाहेर काढणं तर अजिबात नको.

मध्य. अनेक गाड्यांचं चाक हबच्या मधल्या गोल उंचवट्यावर बसून केंद्रात येतं. जाड स्पेसरने तो उंचवटा झाकला, तर स्पेसरला स्वतःचा तसाच उंचवटा हवा आणि त्याचं माप नेमकं हवं.

बोल्टने बसणारा जाड स्पेसर. हा आधी हबवर आवळतात आणि चाक त्याच्या स्वतःच्या स्टडवर बसतं. इथे गाडीचे मूळ स्टड आणि नट स्पेसरच्या पृष्ठभागाबाहेर डोकावता कामा नयेत. डोकावले तर चाक सपाट बसत नाही.

तरफ. वरचं सगळं नीट केलं तरी चाक बाहेर गेलेलंच असतं. दोन्ही बाजूंना २० मिलिमीटर लावले तर चाकांमधलं अंतर ४० मिलिमीटरने वाढतं. बेअरिंगवरची तरफ लांबते. पुढच्या चाकांना स्टिअरिंग जड होतं आणि खड्डा लागला की झटका हातापर्यंत येतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि गाडी भरून टायर मडगार्डला घासत नाही ना, हेही पाहायचं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत कोणते बदल करता येणार नाहीत ते सांगतं. तेव्हा आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारलेलं बरं.

आता पुराव्याकडे

समजा, तुम्हाला ‘मिनीवरचे स्पेसर’ यावर शोधनिबंध लिहायचाय. साधनं कोणती? सुट्या भागांचा कॅटलॉग काय विकलं जात होतं ते सांगतो. वर्कशॉप मॅन्युअल काय करायला हवं होतं ते सांगतं. रॅलीसाठी दाखल केलेली कागदपत्रं कंपनीने काय जाहीर केलं ते सांगतात. प्रत्यक्षात काय झालं, ते जुन्या गाड्या सांगतील असं वाटतं.

इथे थांबा. आज जत्रेत, प्रदर्शनात उभी असलेली मिनी साठ वर्षांत किती हातांतून गेली असेल? तिचे ड्रम, स्टड, चाकं कितीदा बदलली असतील? शिवाय ती *टिकलेली* गाडी आहे. आटे मरून, स्टड तुटून जिचं चाक निघालं ती भंगारात गेली. ती प्रदर्शनात येत नाही आणि तिचा फोटोही कुणी लावत नाही. ‘माझ्या ओळखीच्या कुणालाच काही झालं नाही’ हे वाक्य गॅरेजमध्ये जितकं कच्चं आहे, तितकंच प्रबंधातही कच्चं आहे.

म्हणून ‘कंपनीने दिला होता’ हा पुरावा मिळाला की पुढचे तीन प्रश्न विचारायची सवय लावा. नेमकं काय दिलं होतं? त्यासोबत आणखी काय बदललं होतं? आणि जिथे हे फसलं, त्याची नोंद कुठे असेल? तिसऱ्या प्रश्नासाठी जाहिराती आणि संग्रहालयं सोडून विम्याचे दावे, अपघातांचे तपास, गॅरेजच्या वह्या यांच्याकडे वळावं लागतं. काम किचकट आहे, पण तुमचा प्रबंध खरा तिथून सुरू होतो.

या आठवड्यात एक करून पाहा. घरातली, शेतातली किंवा गाडीतली एक सुटी वस्तू घ्या आणि हे तीन प्रश्न तिला लावून एक पान लिहा. आणि गाडीला आधीपासून स्पेसर असतील, तर त्याआधी चाक उतरवून आटे मोजा.