नागराज, नागेश आणि नकलेची सीमा

एका प्रकाशकाचा नायक खपू लागला की दुसऱ्याकडे तसाच नायक जन्म घेतो. मग नक्कल कुठे सुरू होते?

अमेरिकेत १९३८ मध्ये सुपरमॅन आला. त्यामागोमाग फॉसेट प्रकाशनाचा कॅप्टन मार्व्हल आला. तोही उडणारा आणि अफाट ताकदीचा! १९४१ मध्ये सुपरमॅनच्या प्रकाशकाने खटला भरला. १९५३ मध्ये तडजोड होऊन कॅप्टन मार्व्हल बंद पडला. पुढे १९७२ मध्ये त्याच्या कथा छापण्याचे हक्क सुपरमॅनच्याच प्रकाशकाने घेतले.

आपल्याकडे राज कॉमिक्सचा नागराज १९८६ मध्ये आला. त्याचे सुरुवातीचे अंक पुण्याचे चित्रकार प्रताप मुळीक यांनी चितारले. नंतर राधा पॉकेट बुक्सने ‘नागेश’ आणला. त्याचे नाव, रूप आणि सर्पशक्ती नागराजशी मिळतीजुळती होती. १९९० च्या दशकात दिल्ली उच्च न्यायालयाने नागेशला मनाई केली. मात्र तुलसी कॉमिक्सचा तौसी हाही नागच होता, पण त्याचे नाव आणि रूप वेगळे होते.

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच म्हटले होते की कल्पनेवर कोणाचाही हक्क नसतो, हक्क असतो तो तिच्या मांडणीवर. सर्पमानव सर्वांचा आहे, नागराज एकाचाच. उद्या तुम्ही एखाद्या गेमसाठी पात्र रचाल, तेव्हा हा फरक आधी तपासा.