बालकल्याण आणि परिचारिका

कायदे विधिमंडळांत जन्मास येतात, असा सामान्य समज आहे. परंतु अमेरिकेंतील बालकल्याणाच्या कायद्यांचा उगम शोधूं लागल्यास न्यूयॉर्कच्या कोंदट, अंधाऱ्या चाळींपाशीं जाऊन पोंचावें लागतें.

१८९३ सालीं लिलियन वॉल्ड ही तरुण परिचारिका तेथील स्त्रियांना गृहशुश्रूषेचे पाठ देत असतां एका लहान मुलीनें तिला आपल्या आजारी आईकडे नेलें. तें घर पाहून वॉल्डबाईंनीं त्याच वस्तींत बिऱ्हाड थाटलें.

त्या काळीं शाळेंत डोळ्यांची खुपरी किंवा कातडीचा रोग आढळलेल्या मुलास वैद्य घरीं पाठवीत. पण औषध कोणी द्यावयाचें? रोग तसाच राही, शिक्षण मात्र बुडे. १९०२ सालीं वॉल्डबाईंच्या सूचनेवरून लीना रॉजर्स ह्या परिचारिकेस प्रयोगादाखल एक महिना चार शाळांवर नेमण्यांत आलें. तिनें शाळेंत औषधोपचार केले व घरोघर जाऊन ते आयांना शिकविले. शहरानें लवकरच आणखी परिचारिका नेमल्या. सप्टेंबर १९०२ मध्यें १०,००० हून अधिक मुलें घरीं पाठविलीं गेलीं होतीं. पुढील सप्टेंबरांत तो आंकडा सुमारें १,१०० वर आला.

एका शहराचें काम झालें, देशाचें काय? कापसावरील किडीची पाहणी करण्यास एक मंत्री दक्षिणेकडे निघाल्याचें वृत्त वॉल्डबाईंनीं वाचलें, असें सांगतात. पिकांची चिंता वाहणारें खातें सरकारपाशीं आहे, मग मुलांची चिंता वाहणारें कां नसावें? फ्लॉरेन्स केली यांच्या साहाय्यानें त्यांनीं हा प्रश्न राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यापुढें मांडला. १९१२ सालीं राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या सहीनें बालक-खातें स्थापन झालें व ज्यूलिया लेथ्रॉप त्याच्या प्रमुख झाल्या. जॉन्सटाउन येथील खात्याच्या पहिल्याच पाहणींत दिसून आलें, कीं बापाची मिळकत जसजशी वाढे तसतसें अर्भकमृत्यूंचें प्रमाण घटे. दोष केवळ आईच्या अज्ञानाचा नव्हता, दारिद्र्याचाही होता.

१९२१ च्या शेपर्ड-टाउनर कायद्यानें माता व अर्भकें यांच्या आरोग्यासाठीं राज्यांस मध्यवर्ती सरकारचा पैसा मिळूं लागला. डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेनें त्यास विरोध केला आणि १९२९ सालीं ती मदत थांबली. तथापि १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यांत तिला पुन्हा स्थान मिळालें. राज्यकारभारास आंकडे लागतात हें खरें. पण ते ज्या घरांतून आले, त्या घरांचीं दारें परिचारिकांनीं आधींच ठोठावलीं होतीं.