आबालाल रहिमान

आबालाल रहिमान (मृत्यू: १९३१) हे कोल्हापूरचे निसर्गचित्रकार होते. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्यांनी ब्रिटिश वास्तववादी पद्धतीचे शिक्षण घेतले. पुढे मुंबईत स्थायिक न होता ते कोल्हापुरास परतले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार नेमले.

कोटितीर्थ तलावाकाठी ते एकांतात राहत. रंकाळा, संध्यामठ, पंचगंगेचा परिसर हे त्यांचे आवडते विषय. पाण्यावर क्षणोक्षणी पालटणारा प्रकाश ते लहान, सुट्या रंगस्पर्शांनी टिपत. त्यामुळे त्यांची गणना दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांत केली जाते. या पंथाचे पहिले प्रदर्शन १८७४ मध्ये पॅरिस येथे भरले. आबालाल मात्र कधी युरोपात गेले नाहीत. त्यांची शैली उघड्यावर बसून केलेल्या निरीक्षणातून घडली, असे मानणेच अधिक सयुक्तिक ठरते.

१९२२ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाल्यावर शोकाच्या भरात त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडविली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्यांच्या विपुल निर्मितीच्या मानाने आज उपलब्ध असलेली चित्रे थोडीच आहेत. त्यांपैकी काही कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतात.