पडवीतली बुलेट

गेल्या पावसाळ्यात आमच्या पडवीत एक वाद पेटला होता. विषय बाबांच्या बुलेटचा. १९८३ चे मॉडेल, ३५० सीसी, उजव्या पायात गियर आणि डाव्या पायात ब्रेक. बाबा २०११ साली गेले. तेव्हापासून ती ताडपत्रीखाली असते आणि वर्षातून चार-सहा वेळा मी तिला रस्त्यावर काढतो. नोंदणीची मुदत संपत आली होती. पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावे लागते, आणि त्यासाठी गाडी स्वतःच्या चाकांवर चालत आरटीओपर्यंत जायला हवी. आमची जात नव्हती.

तिचे दुखणे विचित्र होते. थंड असताना दोन किकमध्ये सुरू व्हायची. दहा-बारा मिनिटे झकास पळायची. मग फटफट करत मरायची, ती अर्धा तास थंड झाल्याशिवाय डोळा उघडायची नाही. एका गॅरेजात तीन फेऱ्या झाल्या. त्यांनी कार्बोरेटर साफ केला, कॉइल बदलली, प्लग बदलला, आणि शेवटी सल्ला दिला की साहेब, जुनी झाली, काढून टाका. घरातही सूर तोच होता. आई तेवढी काही बोलली नाही.

मी कला शाखेचा पदवीधर, सरकारी कारकून. यंत्राशी माझा संबंध झेरॉक्स मशीनमध्ये अडकलेला कागद ओढण्यापुरता. तरीही ही गाडी मी पडवीतच उघडायची ठरवली. ते करताना जे हाती लागले त्यातले निम्मे यंत्राबद्दल होते आणि निम्मे इतिहासाबद्दल, म्हणून हा लेख.

सुरुवात नटाने झाली. इंजिनावरचा एक नट खोलायला गेलो तर अकराचा पाना त्यावर बसेना आणि बाराचा सैल पडून घसरू लागला. वाटले, कुणीतरी भलताच नट लावला आहे. मग बाबांची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी काळ्या पडलेल्या पान्यांचा एक संच होता, त्यांवर मिलिमीटरचे आकडे नव्हते, अपूर्णांक होते. त्यातला एक त्या नटावर असा बसला, जसा काही त्याच्याचसाठी घडवला होता.

आणि तो तसा घडवलेलाच होता. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८४१ साली स्क्रूच्या आट्यांसाठी एक ठरावीक माप सुचवले. तोवर प्रत्येक कारखान्याचा स्क्रू वेगळा असायचा, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला चालायचा नाही. व्हिटवर्थची मापे नंतर इंग्लंडभर रूढ झाली. पुढे खुद्द इंग्लंड मिलिमीटरकडे वळले, आपल्या देशाने तर पन्नाशीच्या दशकातच दशमान पद्धत स्वीकारली. पण मद्रासला बनलेल्या आमच्या बुलेटच्या अंगावर १९८३ सालीही ती जुनी विलायती मापे शिल्लक होती. हे कसे घडले ते समजून घ्यायचे तर सुयांच्या एका गावापर्यंत मागे जावे लागते.

इंग्लंडमधले रेडिच हे गाव शिवणकामाच्या सुयांसाठी प्रसिद्ध. तिथला सुया बनवणारा एक कारखाना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सायकलींकडे वळला. धंदा अडचणीत आल्यावर तो नव्या मालकांच्या हाती गेला. त्यांना एनफील्ड इथल्या सरकारी बंदुकांच्या कारखान्यासाठी सुटे भाग बनवायचे काम मिळाले, त्यावरून 'रॉयल एनफील्ड' हे नाव आले. तोफेचे चिन्ह आणि 'बंदुकीसारखी घडवलेली' हे ब्रीदही तिथलेच. १९०१ मध्ये त्यांची पहिली मोटारसायकल निघाली, आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला 'बुलेट' हे नाव प्रथम वापरात आले. सुई, सायकल, बंदूक आणि मग गोळी, असा हा प्रवास.

स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी दणकट मोटारसायकल हवी होती. निवड झाली ३५० सीसी बुलेटची. गाड्या आणल्या मद्रासच्या 'मद्रास मोटर्स'ने. १९५५ मध्ये रेडिचची कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून 'एनफील्ड इंडिया' काढली. मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला कारखाना उभा राहिला. आधी विलायतेहून आलेले भाग तिथे नुसते जोडले जात, पुढे साचे आणि यंत्रेही आली आणि साठच्या दशकात सगळी गाडी इथेच घडू लागली.

गंमत इथून पुढे आहे. रेडिचने आपली बुलेट बदलत नेली, १९६२ च्या सुमारास ती बंदच केली, १९६७ मध्ये तिथला कारखाना मिटला आणि १९७० पर्यंत मूळ कंपनीही संपली. मद्रासला मात्र १९५५ चेच मॉडेल निघत राहिले. त्या वेळी परवान्यांचे राज्य होते, परदेशी चलनाची चणचण होती, आणि जे काही बनेल ते विकले जात होते. मग बदलायचे कशाला? त्यामुळे आईबाप गेले तरी लेकरू त्याच वयाचे राहिले. १९७७ मध्ये तर उलटी गंगा वाहिली आणि मद्रासची बुलेट इंग्लंडला निर्यात होऊ लागली. म्हातारे इंग्रज आपल्या तरुणपणची गाडी कोरी करकरीत विकत घेऊ लागले.

या थांबून राहण्याला आपण मागासलेपण म्हणतो, आणि ते होतेही. ब्रेक यथातथा, दिवा मिणमिणता, तेल ठिबकायचे. गाडी जिथे उभी केली तिथे डाग पडणार हे ठरलेले. आईने तर पडवीत बुलेटची जागा शेणाने सारवायची सोडूनच दिली होती. पण त्याच थांबण्यामुळे आणखी एक गोष्ट घडली. तीस-चाळीस वर्षे गाडी तीच राहिल्यामुळे ती सगळ्यांना पाठ झाली. बेळगावच्या गॅरेजात शिकलेला पोरगा गोव्यात आला तरी तेच इंजिन. बापाने शिकलेले मुलाला उपयोगी पडायचे.

आमची गाडीही बेळगावहूनच आली. १९८८ साली बाबांनी ती एका निवृत्त सुभेदाराकडून घेतली आणि अनमोड घाटाने एकटेच चालवत आणली. बाबा मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक. शिक्षकाने बुलेट घेणे म्हणजे गावात चर्चेचा विषय. तेव्हा गोव्यात दुचाकींचे एक वेगळेच जग होते. पिवळ्या मडगार्डचे 'पायलट' प्रवाशाला मागे बसवून वाड्यावाड्यावर पोचवायचे. हणजूण-कळंगुटच्या किनाऱ्यावर आलेले गोरे बुलेट घेऊन देशभर फिरायचे. मांडवीवरचा नेहरू पूल १९८६ च्या जुलैत कोसळला होता, त्यामुळे बेतीहून पणजीला फेरीबोटीने जावे लागे. मला आठवते ते बोट धक्क्याला लागतानाचे बाबा. बाकीचे लोक किकवर किक मारत असायचे. बाबा मात्र हँडलवरचा छोटा डिकम्प्रेसर दाबून, अँपिअर मीटरच्या काट्याकडे बघत, इंजिन हळूच एका जागी आणायचे आणि मग एकच किक. ती जादू वाटायची.

ती जादू नव्हती हे मला त्यांच्या पेटीतल्या वहीवरून कळले. शाळेची दोनशेपानी वही. हजेरीपटासारखे रकाने आखलेले, तारीख, किलोमीटर, काय केले. 'ऑइल बदलले.' 'चेन ताणली.' 'पंढरपूरहून परत, प्लग काळा.' आणि पुन्हा पुन्हा येणारी एक नोंद, 'पॉइंट साफ, १५ थाउ.'

हे 'थाउ' काय प्रकरण आहे ते मला ठाऊक नव्हते. आमच्या वाड्यापलीकडे एक म्हातारे मेस्त राहतात. उमेदीच्या काळात ते पायलटांच्या गाड्या दुरुस्त करायचे, आता नजर गेली आहे. त्यांच्याकडे वही घेऊन गेलो. ते हसले. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. इंग्रजी 'थाउजंड'चे अर्धे तोडलेले रूप, कारागिरांच्या तोंडून कारागिरांच्या तोंडी आलेले. पंधरा थाउ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फट. मराठी शाळामास्तरच्या वहीत रेडिचच्या फिटरचे माप, आणि त्याचा अर्थ सांगणारा गोव्याचा मेस्त, ज्याच्या नावातच पोर्तुगीज 'मेस्त्र' दडलेला. इतिहास म्हणतात तो असाही चालतो, बिनबोभाट, हातातून हातात.

गाडीचे दुखणे सांगितल्यावर त्यांनी एकच वाक्य उच्चारले, "आदीं उजो पळय, मागीर पेट्रोल." आधी ठिणगी बघ, पेट्रोलचे नंतर.

आमच्या कचेरीत फाइल हरवली की आम्ही सगळी कपाटे उपसत नाही. शेवटची सही कोणाची ते बघतो आणि तिथून एकेक टेबल मागे जातो. गॅरेजवाल्याने कपाटे उपसली होती. मी टेबले धरली. गाडी सुरू करून गावाला दोन चकरा मारल्या आणि ती मरताच पडवीत ढकलत आणली, गरम आहे तोवरच. आधी टाकीचे झाकण उघडले. झाकणाचे भोक बुजले तर हवा आत जात नाही आणि पेट्रोल उतरायचे थांबते. झाकण उघडूनही फरक पडला नाही. प्लग काढला तर तो पेट्रोलने ओला. म्हणजे पेट्रोल पोचते आहे, पेटत नाही. मग टाकीचा कॉक बंद केला, प्लगच्या भोकात फडके कोंबले, वायर लावलेला प्लग दूर धरून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि मुलाला किक मारायला सांगितले. ठिणगी होती, पण पिवळट आणि मरतुकडी. निळी, टणत्कार करणारी नव्हे.

कॉइल नवी, प्लग नवा. उरले मागचे टेबल, म्हणजे पॉइंट. संध्याकाळची वेळ होती, अंधारून आले होते. पॉइंटवरचे झाकण काढले आणि पुन्हा किक मारायला लावली. पॉइंटच्या फटीत लखकन मोठी ठिणगी उडाली. मुलगा ओरडला, "बाबा, ठिणगी तर इथे आहे!" त्याने नकळत निदान केले होते. ठिणगी प्लगमध्ये पडायला हवी, ती वाटेतच सांडत होती.

पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलमधला प्रवाह एकदम तुटतो, आणि त्या तुटण्यातूनच प्लगसाठी हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. पण प्रवाहाला थांबायचे नसते, तो पॉइंटच्या फटीतून उडी मारू बघतो. ती उडी झेलायचे काम कंडेन्सर नावाची करंगळीएवढी डबी करते. ती इंजिनाच्या उष्णतेला चिकटून बसलेली असते. म्हातारा कंडेन्सर थंड असताना काम करतो, तापला की हात वर करतो. आमची 'दहा मिनिटे' म्हणजे त्याला तापायला लागणारा वेळ होता.

नवा कंडेन्सर दोन प्लेट मिसळीच्या किमतीत मिळाला. जळून खड्डे पडलेले पॉइंट बारीक कानशीने घासले. फट मोजायला फिलर गेजची पाती पेटीतच होती, पंधरा थाउची पाती सर्वांत झिजलेली. टायमिंगसाठी मेस्तांनी सांगितलेली युक्ती वापरली. सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरायचा आणि इंजिन हळूहळू फिरवायचे. कागद ज्या क्षणी सुटतो, त्या क्षणी पॉइंट उघडला. त्यासाठी पाकीट घेताना दुकानदाराने माझ्याकडे संशयाने पाहिले ते सोडा.

गाडी सुरू झाली. दहा मिनिटे झाली, वीस झाली. मी डिचोलीपर्यंत जाऊन आलो आणि पडवीत येईपर्यंत ती बंद पडली नाही.

त्या रात्री मला १९८५ चे साल आठवत राहिले. त्याच्या आसपास जपानी तंत्राच्या शंभर सीसी गाड्या आपल्याकडे आल्या. त्यातल्या एकीची जाहिरातच सांगायची की टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा. सामान्य माणसाला ते वरदानच होते, मीही रोज तसल्याच गाडीने कचेरीत जातो. बुलेटचा धंदा त्यानंतर खालावत गेला, १९९४ मध्ये कंपनी आयशरकडे गेली. जुने बिडाचे इंजिनही २०१० च्या सुमारास थांबले आणि त्याची जागा नव्या इंजिनाने घेतली. आजच्या बुलेटला पॉइंट नाहीत, कंडेन्सर बदलावा लागत नाही. ती अधिक चांगली गाडी आहे यात शंका नाही. फक्त तिचा दोष शोधायला यंत्र जोडावे लागते, आणि ते यंत्र माझ्या पडवीत नसते.

बाबांनी मला गाडीचे काही शिकवले नाही, अशी माझी जुनी तक्रार होती. मी पुस्तकात डोके घालून बसायचो आणि ते हाक मारायचे नाहीत. पण वही त्यांनी अशी लिहून ठेवली होती की अडाण्यालाही वाचता यावी. तक्रार मी मागे घेतली आहे.

नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळाली. आरटीओच्या आवारात सुरू होताना गाडीने एक ठेका चुकवला तेवढाच. घरी आल्यावर वही काढली. बाबांची शेवटची नोंद २०१० ची होती, तिच्याखाली दहा-बारा रकाने कोरे होते. मी तारीख घातली, किलोमीटर लिहिले, आणि तिसऱ्या रकान्यात, 'कंडेन्सर बदलला. पॉइंट साफ, १५ थाउ.'

आईने चष्मा लावून ते वाचले आणि म्हणाली, "अक्षर त्यांच्यासारखं नाही रे तुझं." मग थोडे थांबून, "पण लिहीत जा."