दुष्काळ, श्रद्धा आणि व्यवस्था : पंडिता रमाबाईंच्या केडगाव-कार्याचा एक विचार

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्राचे दोन भाग पाडण्याची प्रथा रूढ आहे. ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिणाऱ्या व आर्य महिला समाज स्थापन करणाऱ्या रमाबाई या सुधारक. केडगावच्या रमाबाई या केवळ भाविक. ईश्वरावर सर्व भार टाकण्याची त्यांची उत्तरायुष्यातील वृत्ती म्हणजे सामाजिक विचारापासून घेतलेली निवृत्ती होय, असा निष्कर्ष त्यातून ओघानेच निघतो. हा निष्कर्ष पुराव्याला कितपत धरून आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या तपासणीचे मुख्य साधन म्हणजे रमाबाईंचे १९०७ मधील इंग्रजी आत्मनिवेदन. ते घटनांनंतर पुष्कळ वर्षांनी, ख्रिस्ती वाचकवर्ग डोळ्यांपुढे ठेवून लिहिले गेले आहे. साहजिकच पूर्वायुष्यातील प्रसंगांना त्यात नंतरच्या श्रद्धेचा रंग चढला आहे. तथापि पत्रव्यवहार आणि संस्थेचा प्रत्यक्ष इतिहास यांच्या जोडीने ते वाचले असता त्याचे मोल कमी होत नाही.

अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरत असे. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा त्यांच्यापाशी पुराणकथनावाचून उपजीविकेचे दुसरे साधन नव्हते. हलके काम करणे प्रतिष्ठेला न शोभणारे आणि भीक मागणे लाजिरवाणे. उरलेले द्रव्य दानधर्मात व देवतांना प्रसन्न करून घेण्यात खर्ची पडले. १८७४ मध्ये आईवडील अल्पावधीच्या अंतराने निवर्तले. पाठोपाठ थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री उपाशीपोटी उत्तरेकडे चालत राहिले. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून वाळूत खड्डे खणून त्यांत निजण्याची पाळी त्यांच्यावर आली. १८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली, तोवर शास्त्रोक्त कर्मांच्या फलाविषयीची त्यांची श्रद्धा ढळली होती. १८८० मध्ये बंधू आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचा मृत्यू झाला. त्या वेळी रमाबाई अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या व पदरी तान्ही मनोरमा होती.

१८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण धर्मांतराने सर्व प्रश्न मिटले असे झाले नाही. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात चर्चच्या अधिकारापुढे आपली विवेकबुद्धी गहाण टाकण्यास रमाबाईंनी दिलेला नकार स्पष्ट दिसतो. ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त गवसण्यास आणखी काही वर्षे लागली, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. यावरून एवढे निश्चित होते की, ईश्वरावरील विश्वास आणि संस्थेवरील निष्ठा या दोन गोष्टी त्यांनी एक मानल्या नाहीत.

हा भेद व्यवहारात कसा उतरला, हे शारदा सदनाच्या इतिहासावरून कळते. १८८९ मध्ये मुंबईत उघडलेले व पुढच्या वर्षी पुण्यास नेलेले हे सदन बॉस्टन येथील रमाबाई असोसिएशनच्या साहाय्यावर चाले आणि ते साहाय्य दहा वर्षांपुरतेच कबूल झाले होते. सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतात, या कारणाने १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. लोकाश्रय सुटला आणि परदेशी आश्रयाची मुदतही संपत आली. अशा वेळी ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर आणि चायना इनलँड मिशन यांचे वृत्तांत त्यांना आधारभूत वाटले. कोणापुढे हात न पसरता प्रार्थनेच्या बळावर संस्था चालविण्याचा तो आदर्श होता. परंतु रमाबाई केवळ प्रार्थना करून थांबल्या नाहीत. केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेऊन त्यांनी फळबाग लावली. तिच्या उत्पन्नावर सदनाने पुढे स्वतःच्या पायांवर उभे राहावे, हा त्यांचा हिशेब होता.

१८९६–९७ च्या दुष्काळाने हा हिशेब पार उलटला. मध्यप्रांतातील भुकेल्या स्त्रिया व मुली पाहून त्यांना आपले स्वतःचे पूर्वायुष्य आठवले आणि खर्चाची तरतूद नसतानाही त्यांनी शेकडोंना आश्रय दिला. त्याच सुमारास पुण्यात प्लेग आला. बाग लावण्यासाठी घेतलेल्या जमिनीवर अशा रीतीने मुक्ति सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या एकोणीसशेच्या घरात गेली. विणकाम, शेती, छापखाना, अंधांसाठी ब्रेल-शिक्षण असे अनेक विभाग निघाले. प्रत्येकीच्या हाताला उपजीविकेचे काम असावे, हा १८७४ चा धडा येथे संस्थारूप पावला. दैवाधीनता आणि ईश्वरनिष्ठा यांतील अंतर नेमके येथेच आहे.

ही निष्ठा मूकही नव्हती. १८९७ मध्ये पुण्यातील सरकारी प्लेग-व्यवस्थेविरुद्ध ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रातून त्यांनी जाहीर तक्रार केली. राज्यकर्त्यांचा व आपला धर्म एकच, ही गोष्ट त्यांच्या आड आली नाही.

तरीही एक प्रश्न शिल्लक राहतोच. उपासमारीतून वाचलेल्या, सर्वस्वी संस्थेवर अवलंबून असलेल्या मुलींना श्रद्धेच्या बाबतीत कितपत निवड होती? ज्या रमाबाईंनी स्वतःच्या विवेकाचे स्वातंत्र्य एवढ्या निकराने राखले, त्यांच्याच सदनाविषयी हा प्रश्न उपस्थित व्हावा, यातील विसंगती अभ्यासकाने झाकू नये. विश्वासाने त्यांना निर्भयता दिली. त्या विश्वासाचे वातावरण इतरांना किती मोकळे होते, याचा निर्णय त्या मुलींच्या स्वतःच्या साक्षीवाचून होऊ शकत नाही.

१९२१ मध्ये कन्या मनोरमा निवर्तली. मूळ हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्याचे काम त्या वेळी चालू होते. ते शेवटास नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. एकामागून एक आप्त गमावलेल्या या स्त्रीने विश्वासाचा अर्थ आपत्ती टळणे असा केला नाही. आपत्तीतही हातचे काम न सोडणे असा केला. त्यांच्या चरित्राचे दोन तुकडे पाडल्यास हे सातत्य दृष्टीआड होते. सुधारक रमाबाई केडगावी लोपल्या नाहीत. त्यांच्या कार्याचा आधार मात्र बदलला होता.