कुळाचं मत

गव्हाणच्या माणसाच्या सातबाऱ्यावर तालुका पनवेल असतो. आमदार निवडायची वेळ आली की त्याचं मत उरण मतदारसंघात मोजलं जातं. खासदारकीला तोच माणूस मावळचा मतदार होतो. बोरघाट चढून गेल्यावर पुणे जिल्ह्यात लागतं ते मावळ. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली तेव्हा २९ गावं तिच्या हद्दीत गेली, गव्हाण बाहेर राहिलं. जिल्हा परिषदेत मात्र गव्हाण हे नावच एका गटाला आहे. एकाच उंबऱ्यावरून निघालेलं मत तीन दिशांना का जातं, याचा शोध घेऊ लागलं की नव्वद वर्षं मागे, भातशेतीच्या बांधावर जावं लागतं.

‘मतदारसंघ’ हा शब्दच पाहा. मत संस्कृत, संघ संस्कृत, मधला ‘दार’ फारसी. जमीनदार, सुभेदार, ठाणेदार यांच्यातला तो दार, म्हणजे बाळगणारा. जमीनदार जमीन बाळगतो, मतदार मत बाळगतो. इंग्रजी अमदानीत हे दोन दार एकमेकांना चिकटूनच होते. १९३५ च्या कायद्याखाली १९३७ साली मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा मताचा हक्क सगळ्यांना नव्हता. महसूल, मालमत्ता, शिक्षण अशा अटी होत्या. ज्याच्या नावावर काही होतं त्याला मत होतं. कुलाबा जिल्ह्यात तर कसणाऱ्याच्या नावावर सहसा काहीच नसे. तो कूळ होता. म्हणून या मतदारसंघाची कुळकथा सांगताना ‘कूळ’ हा शब्द मी वंशाच्या अर्थाने घेत नाही, सातबाऱ्यावर आहे त्या अर्थाने घेतो.

गव्हाणच्या पट्ट्यातली जमीन खाडीची. भरतीचं पाणी अडवायला बांध घालायचा, पावसाचं गोडं पाणी बाहेर सोडायला उघाडी ठेवायची, दर वर्षी चिखल उपसून बांध नीट करायचा, तेव्हा कुठे खारात भात पिकणार. बाकीच्या जागेत मिठागरं. बांध एका घराने राखून चालत नाही. एकाचा फुटला की साऱ्यांच्या शेतात खारं पाणी. एकत्र येण्याची सवय इथे राजकारणाच्या आधीची आहे, आणि माझ्या मते इथल्या राजकारणाचा स्वभाव समजून घ्यायचा तर पक्षांच्या इतिहासाआधी या बांधाकडे पाहायला हवं.

त्या सवयीला राजकीय रूप आलं ते अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने चरीच्या सभेत कुळांनी ठरवलं की सावकाराची जमीन यंदा कसायची नाही. संप १९३९ पर्यंत चालला. आजूबाजूच्या गावांतली शेतं ओस पडली, लोकांनी लाकूडफाटा विकून आणि खाडीतली मासळी धरून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ साली चरीला येऊन गेले. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३७ च्या सप्टेंबरात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. मताचा हक्क नसलेले लोक आपल्या पायांनी विधानसभेच्या दारापर्यंत गेले. १९३९ साली कूळकायदा झाला, १९४८ साली तो नव्याने आला आणि १९४९ च्या कायद्याने खोतीही गेली.

स्वातंत्र्याच्या सुमारास काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी शेतकरी कामगार पक्ष उभा केला. घाटावर तो काही वर्षांत ओसरला. जेधे स्वतःच काँग्रेसमध्ये परतले. कुलाब्यात मात्र तो रुजला, कारण इथे त्याच्या खाली चरीची जमीन होती. लाल बावटा कुठल्या पुस्तकातून इथल्या आगरी घरांत आला नाही. अर्धेलीने कसणाऱ्याला तो आपल्या खळ्यावरचा वाटला.

१९५२ साली सगळ्यांनाच मत मिळालं, आणि पहिला कौल काँग्रेसकडे गेला. कुलाब्यातून लोकसभेत गेले चिंतामणराव देशमुख, याच जिल्ह्यातल्या महाडजवळच्या नाते गावचे, तेव्हा देशाचे अर्थमंत्री. १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या धोरणावरून त्यांनी मंत्रिपद सोडलं. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पनवेलमधून शेकापचा एक तरुण वकील विधानसभेवर निवडून आला. दिनकर बाळू पाटील, म्हणजे दि. बा. जन्म १९२६ चा, गाव जासई. गव्हाणच्या शेजारचं, पण उरण तालुक्यातलं. तालुका वेगळा असला तरी मतदारसंघ तेव्हा एकच होता, पनवेल.

त्या १९५७ सालाशी मला थोडं थांबावंसं वाटतं. वर्षाच्या आरंभी निवडणूक झाली आणि १ एप्रिलला ‘कूळदिन’ आला. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. ज्या वर्षी इथल्या कुळाने आपल्या शेजारच्या गावातला माणूस विधानसभेत पाठवला, त्याच वर्षी ते खातेदार होण्याच्या वाटेला लागलं. मालकी प्रत्यक्ष नावावर चढायला कुठे दहा, कुठे वीस वर्षं लागली, दावे चालले, सावकारांनी जमिनी खाजगीत काढल्या, ते सगळं खरं. पण जमीनदार आणि मतदार हे दोन दार इथे प्रथमच एका घराला लागले.

ते फार दिवस टिकले नाहीत. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं अधिसूचित झाली. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे हलवायची ही कल्पना नगररचनाकारांच्या कागदावर उत्तम होती. इथल्या घरात तिचा अर्थ वेगळा होता. बापाने कूळ म्हणून कसलेली, आपल्या नावावर नुकती झालेली किंवा अजून व्हायची असलेली जमीन सरकार संपादन करणार. खातेदार हा शब्द तोंडात बसतो न बसतो तोच दुसरा शब्द आला, प्रकल्पग्रस्त.

दि. बा. पुढे विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. १९७७ साली ते कुलाब्यातून लोकसभेत गेले. पण त्यांचं नाव या पट्ट्यात घराघरात राहिलं ते पदांमुळे नाही. १६ जानेवारी १९८४ रोजी जासईच्या दास्तान फाट्यावर भूसंपादनाविरुद्ध जमलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, दोन माणसं गेली. दुसऱ्या दिवशी पागोट्याची तीन. चिर्ले, धुतूम, पागोटे ही त्या पाचांची गावं, साऱ्यांची शेतं एकमेकांना लागून.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात लोकसभेची निवडणूक झाली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची ती लाट; महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने जिंकल्या. उरलेल्या पाचांत शरद पवारांची बारामती होती, मधू दंडवत्यांचं राजापूर होतं, गिरणी संपाच्या दत्ता सामंतांची दक्षिण मध्य मुंबई होती, औरंगाबाद होतं, आणि कुलाबा होता. दि. बा. शेकापच्या नावावर निवडून आले. साऱ्या देशात सहानुभूतीचं वारं एका दिशेने वाहत असताना कुलाब्याने आपल्या जिल्ह्याचा माणूस सोडला नाही. कुठल्याही मतदारसंघाने दिलेला इतका थेट कौल मला फार थोड्या ठिकाणी दिसतो.

त्या लढ्यातून साडेबारा टक्के योजना आली. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत. त्यातूनही ३० टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापले जातात, हातात पावणेनऊच येतात. ‘पावणेचार टक्के’ हा शब्द इथे आजही सभांत ऐकू येतो तो त्या कापलेल्या भागाबद्दल. तरीही भूसंपादनानंतर मूळ मालकाचा विकसित जमिनीत वाटा मान्य होणं ही देशाच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. तिची किंमत पाच घरांनी चुकवली.

आता रेषेची गोष्ट. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. लोकसभेच्या यादीत मात्र कुलाबा तसाच राहिला, थेट २००४ च्या निवडणुकीपर्यंत. बॅ. अंतुले याच नावाच्या मतदारसंघातून निवडून येत राहिले, १९९८ आणि १९९९ साली न्हाव्याचे रामशेठ ठाकूर शेकापकडून इथूनच गेले. मग न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या आयोगाने २००१ च्या जनगणनेवर मतदारसंघांची फेररचना केली आणि २००८ साली ती अमलात आली. राज्याच्या जागा २८८ च राहणार होत्या. २००१ ची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख. भागाकार केला की एका आमदारामागे सुमारे ३ लाख ३६ हजार माणसं. पनवेल तालुका या मापात उरणसह मावणं शक्यच नव्हतं. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर इथे संपादित जमिनींवर इमारती उभ्या राहिल्या होत्या, त्यांत माणसं आली होती, ती माणसं मोजली गेली होती. सिडकोने जमीन घेतली, जमिनीवर शहर आलं, शहराची शिरगणती झाली आणि शिरगणतीने मतदारसंघ चिरला. गव्हाणच्या मताची दिशा बदलली ती अशी.

रायगडच्या यादीतून माणगाव आणि खालापूर ही नावं गेली, कर्जत आणि उरण आली. १८८ पनवेल, १८९ कर्जत, १९० उरण. उरणमध्ये अख्खा उरण तालुका, पनवेल तालुक्याचा काही भाग, त्यात गव्हाण आणि उलवे, आणि खालापूर तालुक्यातली चौक-वाशिवलीकडची गावं. समुद्रातल्या घारापुरीपासून इरशाळगडापर्यंत एक आमदार. २०२३ च्या जुलैत इरशाळवाडीवर दरड कोसळली, ती वाडीही याच मतदारसंघातली. खाडीकाठच्या गव्हाणचा आणि डोंगरातल्या ठाकरवाडीचा प्रश्न एकाच माणसाने मांडायचा, हे सोपं नाही.

लोकसभेला याहून मोठी उलथापालथ झाली. कुलाबा नाव कायमचं पुसलं गेलं. रायगड लोकसभेला पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड यांच्याबरोबर दापोली आणि गुहागर जोडले गेले, आणि पनवेल, कर्जत, उरण यांना घाट चढून मावळ, चिंचवड, पिंपरीशी बांधलं गेलं. २००९ साली तिथून गजानन बाबर गेले, २०१४ पासून तीनदा श्रीरंग बारणे. चरीपासून सांगत आलेल्या कुळाच्या कथेला चिंचवडच्या कारखानदारीशी काही नातं नाही. माणसांची संख्या जुळली म्हणून रेषा जुळवली. हा निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही.

विधानसभेला मात्र काही वेगळंच घडलं. पनवेल २००९ साली शेकापच्या हातून गेलं. प्रशांत ठाकूर काँग्रेसकडून निवडून आले, २०१४ पासून भाजपकडून येत आहेत. नव्या उरणने त्याच वर्षी शेकापच्या विवेक पाटलांना निवडलं. २०१४ साली शिवसेनेचे मनोहर भोईर त्यांच्यापेक्षा ८११ मतांनी पुढे गेले. २०१९ साली अपक्ष म्हणून आलेले महेश बालदी २०२४ ला भाजपकडून आले, आणि तेव्हाही दुसऱ्या क्रमांकावर शेकापच होता, साडेसहा हजारांच्या अंतराने. महाराष्ट्रात जिथे बहुतेकांना या पक्षाचं नावही आठवत नाही, तिथे उरणमध्ये तो अजून चुरशीने लढतो. याचं कारण फेररचनेच्या नकाशातच आहे. तालुक्याची हद्द गव्हाणला जासईपासून तोडते. मतदारसंघाची हद्द त्यांना एकत्र ठेवते. चिर्ले, धुतूम, पागोटे, जासई, गव्हाण ही १९८४ ची गावं एका मतपेटीत राहिली. आयोगाने हे ठरवून केलं नसेल. त्याच्यापुढे फक्त महसूल मंडळं आणि आकडे होते.

पण तीही ठेवण आता हलते आहे. नेरुळ-उरण रेल्वेवर गव्हाण नावाचं स्थानक आहे. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, तो शिवडीहून समुद्र ओलांडून याच किनाऱ्याला लागतो. उलव्याच्या सेक्टरांत राहणाऱ्या मतदाराला साडेबारा टक्के म्हणजे आपली इमारत ज्या भूखंडावर आहे त्याचं नाव, एवढंच ठाऊक असतं. त्याला पाणी हवं, शाळा हवी, वेळेवर लोकल हवी. गव्हाणच्या जुन्या घरातल्या मतदाराला गावठाणातलं गरजेपोटी बांधलेलं घर कायम करून हवं आहे. दोघांच्या मागण्या खऱ्या आहेत, आणि दोघं एकाच यादीत आहेत. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून हजारो माणसं रस्त्यावर उतरली आणि २०२२ साली विधिमंडळाने तसा ठराव केला, तेव्हा नव्या इमारतींतल्या अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं असेल.

आज गव्हाणमधून जाणारी रेषा २००१ च्या शिरगणतीवर काढलेली आहे. तेव्हा उलव्याचा नोड वसायचा होता, आणि आज जिथे सेक्टर आहेत तिथे खाजण आणि शेतं होती. घटनेच्या ८४ व्या दुरुस्तीने लोकसभा-विधानसभेच्या जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली आहे. ती जनगणना आता तोंडावर आली आहे. प्रगणक उलव्याच्या एकेका मजल्यावर जाईल, मग गव्हाणच्या जुन्या आळीत येईल, आणि दोन्हीकडे तेच प्रश्न विचारील: घरात किती माणसं, केव्हापासून इथे राहता?